भाताचं आरएनए उंदराच्या रक्तात सापडलं, पण ते आलं कुठून?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एक वाचक लिहितात: माझा विषय आहे खाण्यातून येणारी लहान आरएनए आणि ती खाणाऱ्या प्राण्यावर होणारा त्यांचा परिणाम. उंदरांच्या एका गटाला सात दिवस शिजवून वाळवलेला इंद्रायणी तांदूळ दिला, दुसऱ्याला नेहमीचं खाद्य. मग प्लाझ्मामध्ये (रक्तातला पेशी काढून उरलेला द्रव) भातातल्या मिर-१६८ए या मायक्रोआरएनएची (जीनचं काम दाबणारं छोटं आरएनए) पीसीआर, म्हणजे प्रती वाढवून मोजणी, केली. भात खाणाऱ्यांत सीटी (कितव्या फेरीला रेघ वर जाते तो आकडा; जितका कमी तितक्या प्रती जास्त) ३५ ते ३६ आला, दुसऱ्या गटात ३७ ते ३८. माहीत प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेल्या स्टँडर्ड कर्व्हवरून भातवाल्या गटात १०० मायक्रोलिटर प्लाझ्मामागे साधारण ५०० प्रती निघतात. त्यांचं एलडीएलही (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं वाढलेलं आहे. सर म्हणतात, पेपर लिहायला घे. पण काही प्लेट्समध्ये नुसत्या पाण्याच्या वेलमध्येही (प्लेटवरच्या खळग्यातही) ३८-३९ ला रेघ वर जाते. आमच्याच मजल्यावर भाताच्या रोपांवर काम चालतं आणि सेंट्रिफ्यूज सामाईक आहे. सरांना हे सांगितलं तर त्यांना तो अविश्वास वाटेल. आणि उत्तर ‘नाही’ असं निघालं तर माझी तीन वर्षं पाण्यात. शिवाय घरी मी हे सगळं बोलत असते म्हणून आईने बाबांचा भात बंद केला, आणि भातच सोडला म्हणून बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसाआड केली आहे. मी काय करू?

उत्तर

नमस्कार,

आधी बाबांची गोळी, उंदीर नंतर. एक दिवसाआड गोळी घ्या असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, हा बदल बाबांनी मनाने केला आहे. डॉक्टरांना आजच फोन करून किती दिवस असं चाललं आहे ते सांगा आणि लिहून दिल्याप्रमाणे रोजची गोळी पुन्हा सुरू करायला लावा. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. मधल्या काळातल्या रिपोर्टवरून काही ठरवू नका. भात बंद केल्याने एलडीएल फारसं हलत नाही. ते वाढवतात साय, लोणी, तूप, वनस्पती तुपातले बेकरीचे पदार्थ. भाताचा संबंध जास्त करून रक्तातल्या साखरेशी आणि ट्रायग्लिसराइडशी, आणि तोही प्रमाणाचा. वाटीभर भात, त्यावर घट्ट वरण आणि बरोबर भाजी, एवढ्याने बाबांचं काही बिघडणार नाही.

आईला पटवायचं तर याच विषयातला एक दाखला द्या. इन्क्लिसिरान नावाचं औषध म्हणजे खरोखरच एक लहान आरएनए आहे. ते यकृतातल्या पीसीएसके९ या जीनचं काम थांबवतं आणि एलडीएल जवळपास निम्म्यावर आणतं. अमेरिकेत त्याला २०२१ साली मान्यता मिळाली. पण ते पोटातून देता येत नाही. त्याच्या जवळजवळ प्रत्येक अक्षरावर रासायनिक बदल केलेले आहेत, यकृताच्या पेशींनी ओळखावं म्हणून त्याला खास शर्करा जोडलेली आहे, आणि एवढं करूनही २८४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन कातडीखाली द्यावं लागतं: पहिलं, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. भातातल्या आरएनएला यातलं कुठलंही संरक्षण नाही. त्याला जठरातलं आम्ल, स्वादुपिंडातून येणारी आरएनए तोडणारी एन्झाइम आणि आतड्याची भिंत, हे सगळं पार करून जायचं असतं.

आता तुमची प्लेट.

‘रक्तात सापडलं’ हे तुम्ही आणि सर दोघांनीही धरून चालला आहात. माझ्या मते ते अजून सापडलेलं नाही. सीटीतला एकाचा फरक म्हणजे प्रतींमध्ये साधारण दुपटीचा फरक. तुमचं पाणी ३८.५ ला उठतं आणि कंट्रोल गट (नेहमीचं खाद्य खाणारा) ३७.५ ला, म्हणजे कंट्रोल गट पाण्याच्या जेमतेम दुप्पट. भातवाला गट पाण्याच्या आठपट. कागदावर हे बरं दिसतं, पण वेलमध्ये किती प्रती पडल्या ते बघा. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मात ५०० प्रती, त्यातून काढलेल्या आरएनएचा पाव भाग रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनला (आरटी, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करायला) आणि त्याचा दहावा हिस्सा पीसीआरला गेला असं धरलं, तर एका वेलमध्ये जेमतेम बारा प्रती येतात. कंट्रोलमध्ये दोन-तीन. इतक्या कमी प्रती असल्या की तीनपैकी एखादा वेल उठतच नाही. असे न उठलेले वेल तुम्ही सरासरीतून वगळले, की त्यांना ४० धरलं? वगळले तर कंट्रोल आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. ४० धरले तर तो आकडा मनाचा. त्यामुळे सरासरी सीटीऐवजी ‘इतक्या वेलपैकी इतके उठले’ अशी मोजणी द्या, किंवा शक्य असेल तर प्रती थेट मोजणारी डिजिटल पीसीआर करा. पाण्याच्या वेलची रेघ कुठल्याही तक्त्यातून गाळू नका.

रीडिंग खरं आहे असं मानलं तरी पुढचा हिशोब करा. उंदराच्या अंगात प्लाझ्मा सुमारे एक मिलिलिटर, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून पाच हजार प्रती. त्याच्या यकृतात पेशी साधारण दहा कोटी. पाचच्या पाच हजार प्रती यकृतात जाऊन बसल्या तरी वीस हजार पेशींमागे एक प्रत पडते. एखाद्या मायक्रोआरएनएने जीनवर दिसेल असा परिणाम करायला एकेका पेशीत त्याच्या शंभरावर तरी प्रती लागतात. उंदराच्या यकृताचा स्वतःचा मिर-१२२ एकेका पेशीत पन्नास हजारांहून जास्त असतो. मग वीस हजार पेशींत एक प्रत एलडीएल कसं वाढवेल? पेपर वाचणारा पहिला परीक्षक हेच विचारील.

एलडीएल वाढण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते फार लांब नाही. तांदळात प्रथिनं सात टक्क्यांच्या आसपास असतात, उंदराच्या नेहमीच्या खाद्यात अठरा ते वीस. तुम्ही एका गटाचं आरएनए बदललं तसंच प्रथिनं, चरबी, तंतू, जीवनसत्त्वं असं सगळंच बदललं.

या विषयाची सुरुवातही इथेच अडखळली होती. २०१२ साली नानजिंग विद्यापीठाच्या गटाने ‘सेल रिसर्च’मध्ये लिहिलं की भातातला मिर-१६८ए चिनी लोकांच्या रक्तात सापडतो, आणि उंदरांत तो यकृतातलं एलडीएलआरएपी१ हे प्रथिन कमी करून रक्तातलं एलडीएल वाढवतो. तुमचा प्रयोग बहुतेक त्याच वाटेने बेतलेला आहे. २०१३ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त त्या प्रयोगाची फेरतपासणी आली. भात खाणाऱ्या उंदरांच्या रक्तात आणि यकृतात वनस्पतीचं आरएनए मोजण्याजोगं सापडलं नाही, आणि एलडीएलमधला फरक आहाराच्या पोषणमूल्यातल्या फरकाने समजावता येतो, असं तिचं म्हणणं. ती तपासणी करणाऱ्यांत मोन्सँटोचे संशोधक होते, हे लक्षात ठेवावं. पण त्याच वर्षी इतर गटांनी माणसांना फळं आणि माकडांना वनस्पतिजन्य आहार देऊन पाहिला आणि त्यांनाही खात्रीचं काही मिळालं नाही. माकडांच्या रक्तात जे किरकोळ रीडिंग आलं ते दर वेळी वेगळं होतं, आणि पीसीआर भलतंच काही वाढवत असावी असा निष्कर्ष निघाला.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१७ चा अभ्यास. त्यात माणसांच्या ऊतींचे आणि शरीरद्रवांचे आठशेहून अधिक सीक्वेन्सिंग संच (आरएनएची अक्षरं वाचून साठवलेली माहिती) तपासले. परकी मायक्रोआरएनए यकृतासारख्या, अन्नाशी थेट संबंध येणाऱ्या जागी जास्त नव्हती आणि मेंदूच्या पाण्यात कमीही नव्हती. शरीरद्रवांत सापडलेल्या परक्या आरएनएपैकी बहुतेक उंदरांच्या कुळातल्या प्राण्यांची होती. माणसं उंदीर खात नाहीत. लॅबमध्ये मात्र उंदीर सगळीकडे असतात. तुमच्या मजल्यावर उंदरांच्या जागी भात आहे, एवढंच.

हा विषय कायमचा मिटला असं मात्र समजू नका. नानजिंगच्याच गटाने २०२१ मध्ये दाखवलं की जठरातल्या पेशींवरचं एसआयडीटी१ हे प्रथिन आम्लात आरएनए आत घेतं. आल्यातून निघणाऱ्या सूक्ष्म पुटिकांमधलं आरएनए आतड्यातले जीवाणू घेतात, असं २०१८ च्या एका अभ्यासात म्हटलं आहे. ही दुसरी शक्यता मला जास्त पटण्यासारखी वाटते, कारण आतड्यात आरएनए पेशींपर्यंत न जाताही खूप जास्त प्रमाणात असतं. पुढे विषय वळवायची वेळ आली तर हा रस्ता पाहा.

‘जंतात चालतं, मग उंदरात का नाही’ असं लॅबमध्ये कुणी म्हणालं तर उत्तर थोडक्यात असं. सी. एलिगन्स हा जंत बॅक्टेरियामधून दुहेरी आरएनए खातो आणि त्याचा जीन बंद पडतो, हे १९९८ पासून माहीत आहे. पण तिथे आरएनए दुहेरी आणि लांब असतं, ते आत घ्यायला एसआयडी-१ हे दार असतं, आणि आत गेल्यावर त्याच्या प्रती वाढवणारं एन्झाइम असतं. मक्याच्या मुळांत राहणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवरही हेच चालतं; त्यासाठी मक्यात भरलेलं आरएनए २४० अक्षरांचं आहे आणि अमेरिकेत ते वाण २०१७ पासून मंजूर आहे. बोंडअळीसारख्या पतंगांच्या अळ्यांवर हाच उपाय अडखळतो. सस्तन प्राण्यांत प्रती वाढवणारी यंत्रणा नाही आणि तुमचं आरएनए २१ अक्षरांचं. एवढा फरक असताना जंताचा दाखला उंदराला लागू पडत नाही.

तुमच्या प्लेटवर परत येते, कारण तिथे आणखी दोन गोष्टी लपल्या आहेत. पहिली: बँड कापून सीक्वेन्स करा म्हणजे खात्री पटेल, असं कुणी सुचवेल. स्टेम-लूप पद्धतीत मागचा प्रायमर (पीसीआर सुरू करणारा कृत्रिम तुकडा) शेवटची सहा अक्षरं धरतो आणि पुढचा प्रायमर सुरुवातीची बारा-तेरा. म्हणजे २१ पैकी अठरा-एकोणीस अक्षरं तुम्हीच घातलेली. नमुन्यातून येतात ती मधली दोन-तीनच. तुमच्या लॅबच्या आसपास अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपावरही काम चालत असेल तर चौदावं अक्षर बघा: भाताच्या मिर-१६८एमध्ये तिथे ए असतो, अरॅबिडॉप्सिसमध्ये जी. ते एक अक्षर उपयोगाचं आहे, बाकी सीक्वेन्सवर विसंबू नका.

दुसरी: मक्याचा मिर-१६८ए आणि भाताचा अक्षर न् अक्षर सारखा आहे. तुमच्या कंट्रोल गटाच्या नेहमीच्या खाद्यात मका, गहू, सोयाबीन असणारच. पिंजऱ्यात अंथरायला मक्याच्या कणसाचा भुसा असेल तर दोन्ही गट त्यावर बसतात, तो कुरतडतात. खाल्लेलं आरएनए रक्तात जात असेल तर कंट्रोल गटातही ते दिसायला हवं होतं. तुमचा कंट्रोल पाण्याच्या जवळ आहे. मग भातवाल्या गटात जे जास्त दिसतं ते कुठलं? माझा पहिला संशय उंदराच्या अंगावरच्या पिठावर आहे. वाळवलेला भात खाताना मिशांवर, पंजांवर, पोटाच्या केसांवर भुकटी बसते, आणि सुई त्याच केसांतून आत जाते.

तर करायचं काय? पहिल्या टप्प्यात एकही उंदीर वापरू नका. साधारण आठ ब्लँक (प्लाझ्मा नसलेले रिकामे नमुने) तयार करा आणि ते नमुन्यांच्या मधे मधे लावा, शेवटी एकत्र नकोत. पीसीआरचं पाणी आणि एन्झाइमशिवायची आरटी तुम्ही लावतच असाल. त्यांत भर घाला दोन प्रकारांची. एक म्हणजे एक्स्ट्रॅक्शन ब्लँक: प्लाझ्माच्या जागी १०० मायक्रोलिटर आरएनएज-मुक्त पाणी घेऊन पहिल्या बफरपासून शेवटच्या कॉलमपर्यंत सगळं तसंच. कॉलममध्येच लहान आरएनएचं दूषण असू शकतं, त्यामुळे दोन वेगळ्या लॉटचे कॉलम वापरा. दुसरं म्हणजे सलाईन ब्लँक: प्राणिगृहात, पिंजऱ्याशेजारी, त्याच सिरिंजने सलाईन ओढा आणि त्याच ईडीटीए ट्यूबमध्ये भरा. हेपरिनची ट्यूब नको, ती पीसीआर अडवते. सगळ्या ब्लँकच्या प्रतींची सरासरी काढा आणि तीत प्रमाणित विचलनाची तिप्पट मिळवा. नमुना त्या रेषेच्या वर गेला तरच ‘सापडलं’ म्हणायचं. ही रेषा नमुने उघडण्याआधी वहीत लिहा, तारीख घाला, सरांची सही घ्या.

याच टप्प्यात तुमच्या पद्धतीला किती कमी दिसतं तेही मोजा. उंदराच्या प्लाझ्मात कृत्रिम मिर-१६८ए १००, १,००० आणि १०,००० प्रतींच्या हिशोबाने मिसळा आणि त्यातलं किती परत मिळतं ते बघा. इथे दोन चुका हमखास होतात. आरएनए थेट प्लाझ्मात टाकलं तर तिथली एन्झाइम ते लगेच तोडतात. आधी लायसिस बफर (ती एन्झाइम निकामी करणारं द्रावण) घाला, मग आरएनए. आणि मागवताना शेवटच्या अक्षरावर दोन-प्राइम-ओ-मिथाइल हा रासायनिक गट असलेलंच मागवा. वनस्पतींच्या मायक्रोआरएनएला हा गट असतो, प्राण्यांच्या नसतो, आणि त्यामुळे टोकाला ए अक्षरांची शेपूट लावणाऱ्या (ए-शेपटीच्या) किंवा अडॅप्टर जोडणाऱ्या पद्धती वनस्पतीचं आरएनए कमी मोजतात. साधं कृत्रिम आरएनए वापरून काढलेला कर्व्ह तुम्हाला फसवेल.

हा मिथाइल गट कामालाही येतो. नमुन्याचे दोन भाग करा, एकाला सोडियम पेरिओडेट द्या. मिथाइल नसलेल्या आरएनएचं टोक त्याने बिघडतं आणि त्याला शेपूट जोडता येत नाही. मिथाइल असलेलं टिकतं. उंदराचा एखादा स्वतःचा मायक्रोआरएनए गायब झाला आणि तुमचा मिर-१६८ए टिकला, तर तो वनस्पतीचा आहे. पण हे ए-शेपटीच्या पद्धतीने मोजा. स्टेम-लूप प्रायमर बिघडलेल्या टोकालाही कधी कधी चिकटतो. आणि ध्यानात ठेवा, यातून ‘वनस्पतीचं’ एवढंच कळतं. पोटातून आलं की सेंट्रिफ्यूजमधून, हे पेरिओडेट सांगत नाही.

त्यासाठी प्रमाणाची तपासणी करा. खाद्यातच मिर-१५६, मिर-१५९, मिर-१६६ आणि मिर-१६८ए ही वनस्पतींची चार मायक्रोआरएनए किती आहेत ते मोजा, शिजवून वाळवलेल्या त्याच पिशवीतून. रक्तात जर खाद्यातलं आरएनए येत असेल तर या चौघांचं एकमेकांशी प्रमाण साधारण तसंच राहायला हवं. एकटा मिर-१६८एच दिसत असेल तर ते खाद्यातलं नाही असं धरायला हरकत नाही. सार्वजनिक संचांत पूर्वी नेमकं हेच दिसलं होतं.

अर्ध्या नळ्या दुसऱ्या संस्थेत पाठवा, नावं झाकून. पुण्यात हे अवघड नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएससारख्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) ठिकाणी प्राण्यांच्या पेशींवर काम चालतं. भाताला हात न लागलेली खोली आणि सेंट्रिफ्यूज मिळाला म्हणजे झालं. तोवर आपल्याकडे ताज्या दहा टक्के ब्लीचने बेंच, पिपेट आणि सेंट्रिफ्यूजचा रोटर पुसा, मग पाण्याने पुसा, नाहीतर धातू खराब होतो. वाढवलेल्या पीसीआर ट्यूब एक्स्ट्रॅक्शनच्या खोलीत कधीच उघडू नका.

यातून काही शिल्लक राहिलं तरच उंदरांकडे जा. आधार म्हणून एआयएन-९३जी हा शुद्ध घटकांचा आहार घ्या, त्यात केसिन आणि मक्याचं स्टार्च असतं. भाताच्या गटाला केसिन, तेल, क्षार आणि जीवनसत्त्वं घालून त्याच आहाराच्या बरोबरीला आणा. तिसऱ्या गटाला शुद्ध आहारावर ठेवून मिथाइल असलेलं, कुठल्याही वनस्पतीत नसलेल्या क्रमाचं कृत्रिम आरएनए नळीने पोटात द्या. २५ ग्रॅमच्या उंदराला एका वेळी २५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त देऊ नका. हा गट तुमच्या प्रबंधाचा कणा ठरेल, कारण तो क्रम मजल्यावर कुठेच नसतो. मात्र त्याचा साठा दुसऱ्या खोलीत उघडा आणि पातळ करा. चौथ्या गटाला फक्त सलाईन. रक्त १, ३, ६ आणि २४ तासांनी. अंथरायला कागदाचा लगदा, रक्त काढण्याआधी केस कापून कातडी नीट पुसायची. उंदीर स्वतःची विष्ठा खातात आणि एकमेकांचीही, म्हणून एका पिंजऱ्यात एकच गट ठेवा आणि हिशोबात उंदीर नव्हे, पिंजरा मोजा. तांबड्या पेशी फुटल्या आहेत का ते ४१४ नॅनोमीटरला तपासा आणि लाल दिसणारा प्लाझ्मा बाजूला ठेवा.

दुधाबद्दल २०१५ मध्ये झालेला एक प्रयोग याच धाटणीचा आहे आणि तो वाचलाच पाहिजे. मिर-३७५ किंवा मिर-२००सी ही मायक्रोआरएनए बनवूच न शकणारी उंदरांची पिल्लं सर्वसाधारण आयांच्या दुधावर वाढवली. पिल्लांच्या रक्तात ते आरएनए सापडलं तर ते दुधातूनच आलेलं असणार, दुसरीकडून येण्याची सोयच नव्हती. मोजण्याजोगं काही सापडलं नाही, आणि तो पेपर आजही आधार म्हणून दिला जातो.

म्हणून ‘उत्तर नाही आलं तर तीन वर्षं पाण्यात’ हे मला मान्य नाही. ‘मला दिसलं नाही’ याला किंमत नाही. ‘माझ्या पद्धतीला १०० मायक्रोलिटरमध्ये इतक्या प्रती दिसतात, आणि पोटात इतकं देऊनही रक्तात त्याहून कमी होतं’ याला किंमत आहे. तो आकडा आज या क्षेत्रात फार कमी जणांकडे आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापलेलाच हवा ही अट राहिलेली नाही. तुमच्या संस्थेने स्वतःची काही अट ठेवली आहे का ते ऑफिसमध्ये विचारून घ्या.

सरांशी बोलताना ‘मला शंका आहे’ अशी सुरुवात करू नका. प्लेटचं लेआउट, सगळ्या वेलच्या कच्च्या रेघा आणि बारा प्रतींचा हिशोब एका कागदावर घेऊन जा. म्हणा, ‘सर, परीक्षक पाण्याच्या वेलबद्दल विचारतील. त्याचं उत्तर आपल्याकडे आधीच असावं म्हणून ब्लँकची एक फेरी करू का?’ यात त्यांच्यावर अविश्वास कुठेच नाही, आणि खर्च कॉलम आणि प्लेट्सचाच आहे. त्यांनी नाही म्हटलं तरी सहामाही आढाव्यात सल्लागार समितीसमोर पाण्याच्या वेलसकट आकडे ठेवा. ते लपवून पेपर पाठवायचा आग्रह झाला तर त्यावर तुमचं नाव घालायला नकार द्या. हे सोपं नाही, हे मला माहीत आहे, पण पहिलं नाव तुमचं असेल आणि कच्ची फाइल मागितली जाईल तेव्हा ती तुमच्याकडे मागितली जाईल. म्हणून तोवर प्रत्येक प्लेटची मूळ फाइल तारखेनिशी दोन ठिकाणी जपून ठेवा.

नवे गट आणि नळीने द्यायचं आरएनए यांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागेल. जुन्या फॉर्म बी मध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीच्या अर्जात) ते बसणार नाही. समितीची पुढची बैठक कधी आहे आणि अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो ते याच आठवड्यात विचारून ठेवा. अर्जासोबत ब्लँकच्या फेरीचे आकडे जोडले तर प्राण्यांची संख्या का वाढवायची हे वेगळं समजवावं लागणार नाही.